झाकलेल्या कुंड्या

खंडेराव देवळात हात जोडायचा तेव्हाही त्याचा एकच डोळा मिटलेला असायचा. दुसरा बाहेर काढलेल्या चपलांवर. त्याच्या त्या टायरच्या चपला चोरायला कोण टपलं होतं, ते देव जाणे. पण स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. वाण्याने साखर बांधून दिली की हा पुडी हातावर तोलून बघणार. पत्र आलं की त्याची चिकटवलेली कड नखाने तपासणार. आणि कुणी आपण होऊन दोन शब्द गोड बोललं, तर याच्या मनात पहिला प्रश्न: ह्याला माझ्याकडून हवंय तरी काय?

असा हा माणूस सहासष्ट साली पाथर्डीकडून तारापूरला आला. समुद्राकाठी विजेचं मोठं केंद्र उभं राहत होतं. त्यासाठी अमेरिकेहून इंजिनियर आले होते, त्यांच्यासाठी बंगल्यांची कॉलनी झाली होती आणि बंगले म्हटले की बागा आल्याच. सहा नंबरच्या बंगल्याची बाग खंडेरावाकडे होती. नोकरी रोजंदारीची. रोजंदारीवाल्याला खोली मिळत नसे. तो इतर आठ जणांबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा. कायम झालं की खोली मिळणार होती, आणि खोली मिळाली की गावाकडून इंदुबाईला आणि मुलीला आणता येणार होतं. मुलगी तीन वर्षांची. दिवाळीला तो घरी गेला तेव्हा ती दारातून आत पळाली आणि आईला म्हणाली, "आई, पाव्हणं आल्यात." घरातले सगळे पोट धरून हसले. खंडेरावही हसला, आणि मग गोठ्यात जाऊन बैलाच्या आडोशाला उभा राहून रडला.

तेव्हा त्याला कायम व्हायचं होतं. बाकी जगात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

बंगल्यातल्या इंजिनियरच्या बायकोला, म्हणजे मॅडमना, एका फुलझाडाचं वेड होतं. त्याचं नाव पेन्स्टेमन. खंडेरावाच्या जिभेवर ते बसेना, म्हणून तो 'मॅडमची फुलं' म्हणे. लांबट, चकचकीत पानं आणि उभ्या दांड्याला एकाखाली एक लोंबणारी लालगुलाबी नळीसारखी फुलं, आतून पांढरी. मॅडमनी ते झाड आपल्या आईच्या अंगणातून ओल्या कापडात गुंडाळून विमानातून आणलं होतं. पहिल्या फेब्रुवारीत ते फुललं तेव्हा आजूबाजूच्या बंगल्यांतल्या बायका बघायला आल्या होत्या. पण इथला पाऊस त्याला मानवेना. भाद्रपदात ते बुडापासून काळं पडायला लागलं, तेव्हा मॅडमनी त्याच्या चौदा फांद्या काढल्या. फूल न धरलेली कोवळी फांदी बघायची, पानाच्या पेराखाली धारदार पात्याने कापायची, खालची पानं काढून टाकायची, वाळू आणि चाळलेला पालापाचोळा घातलेल्या कुंडीत खोचायची आणि वर मुरंब्याची रिकामी बाटली पालथी घालायची. खंडेराव शेजारी बसून बघत होता. एकदा बघितलं की हाताला येतं, असा त्याचा हात होता. तेवढं मात्र कबूल केलं पाहिजे. चौदाच्या चौदा फांद्यांना मुळं फुटली. मूळ झाड महिन्याभरात गेलं.

नोव्हेंबरच्या शेवटी तार आली. मॅडमची आई अंथरुणाला खिळली होती. निघायच्या आदल्या दिवशी मॅडमनी खंडेरावाला व्हरांड्यात बोलावलं. मधे बोलायला कचेरीतला कारकून भगवंत होता, माकुणसारचा.

"बाई म्हणतात, ही झाडं आता त्यांच्या आईची आठवण आहे," भगवंत म्हणाला. "त्या फेब्रुवारीत येतील. झाडं जिवंत असली तर तुला कायम करण्याबद्दल त्या स्वतः वरच्या साहेबांशी बोलतील."

"त्ये लिवून देत्याल का?" खंडेरावाने विचारलं.

भगवंत हसला आणि त्याने ते मॅडमना सांगितलंच नाही. पण मॅडमनी दुसरा एक कागद दिला: झाडं हिवाळ्यात कशी सांभाळायची त्याचा. भगवंताने त्याचं मराठी करून दिलं. थंडी पडली की रोपं काचेखाली ठेवावीत. रात्री वरून गोणपाट घालावं. वारं लागू देऊ नये. पाणी अगदी बेताचं. खंडेरावाने कागदाची चौघडी करून खिशात ठेवली. माणूस बोललेलं फिरवतो, कागद फिरवत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. आणि थंडी काय चीज असते ते त्याला कुणी सांगायला नको होतं. पाथर्डीकडे पौषात घागरीतलं पाणी हाताला चावतं. सकाळी गोठ्यात कोकरू ताठ झालेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यामुळे डिसेंबर लागताच त्याने चौदा कुंड्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात भिंतीला लावल्या, प्रत्येकीवर बाटली घातली, वरून गोणपाटं घातली आणि समुद्राकडून येणारा वारा अडवायला बांबूची ताटी बांधली. कागदात गोणपाट रात्रीपुरतं सांगितलं होतं. खंडेरावाने ते दिवसाही ठेवलं. दोन वेळा खाल्लेलं एक वेळेपेक्षा अंगी जास्तच लागणार!

सकाळी झाडलोट करायला आणि टाकीत पाणी भरायला चंद्रकांता येई. शेजारच्या घिवली गावची, चाळिशीची. नवरा होडीवर. ही पहाटे घरचं आवरून टोपली डोक्यावर घेऊन कॉलनीत यायची, बंगल्या-बंगल्यांत मासळी द्यायची आणि सहा नंबरचं झाडून जायची. आवाज असा की दोन आवारं सोडून ऐकू यावा. खंडेरावाला ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती, कारण ती त्याच्याशी हसून बोलली होती.

गोणपाटं बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्या काय माळीदादा? झाडं बाळंतीण झाली का काय? धुरी पन देतोस का?"

"थंडी लागंल त्यांना. कागदात लिवलंय."

"थंडी? ह्याला थंडी म्हनतात?" तिने हात समुद्राकडे केला. "अरे, ह्या दिवसांत आमी बोंबील टांगतो. का? तर वारा सुका, ऊन कवळा. जे उघडा ऱ्हाते ते टिकते. जे झाकला ते गेला. टोपलीत बोंबील झाकून ठेव एक दिस, मंग बघ."

"झाड म्हंजे बोंबील न्हाई," खंडेराव म्हणाला.

"कुजाला दोगांना सारकाच येते," ती म्हणाली. मग खाली वाकली, एक गोणपाट उचललं, बाटली कलती केली आणि नाक आत घालून हुंगलं. दुसऱ्या कुंडीशी गेली, तिसऱ्या. टोपलीच्या तळाशी एक मासा नरमला तर वरूनच ओळखणारं ते नाक. "ही जानार," ती एका कुंडीकडे बोट करून म्हणाली. "आनि ती कोपऱ्यातली. तिचापन वास निगाला."

"हात लावू नगंस!" खंडेराव ओरडला. तोंडाने अभद्र बोलणाऱ्या माणसाची त्याला चीड होती.

चौथ्या दिवशी तिने दाखवलेल्या कुंडीतलं रोप मान टाकून आडवं झालं. बुडाशी काळं, बोट लावलं तर लिबलिबीत. त्यानंतर दोन दिवसांनी कोपऱ्यातलंही गेलं.

आता शहाण्या माणसाने काय म्हटलं असतं? बाईचं नाक खरं, तिला विचारावं. पण आमच्या खंडेरावाची गाडी त्या रस्त्याने जायचीच नाही. त्याचा हिशेब सरळ होता. अमकं मरणार हे कुणाला आधी कळतं? जो मारणार असतो त्याला. तो शेडमध्ये बसून भाकरीचा तुकडा हातात धरून विचार करत राहिला. करणी असेल का? करणीवर त्याचा पुरता विश्वास नव्हता, अविश्वासही नव्हता. पण करणीपेक्षा साधी गोष्ट असणार. मासळीवाली बाई, घरात मीठ ढिगाने. खारं पाणी घातलं तर कुठलं झाड जगेल? पण तिला यात मिळणार काय? तेही त्याने शोधून काढलं: तिच्या नात्यातल्या कुणाला तरी ही माळ्याची जागा हवी असणार.

दुसऱ्या दिवशी त्याने मेलेल्या कुंडीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट! बंगल्याच्या विहिरीचं पाणीच मचूळ होतं, तेच तो कुंड्यांना घालत होता आणि शेडमध्ये तेच पिऊन रोज नाक मुरडत होता, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यातून साफ गेलं. संशय आला की माणसाला तोंडात घातलेल्या साखरेचीही चव कडू लागते, आणि इथे तर पाणी खरोखरच खारट होतं.

मग त्याने सापळा लावला. गावाकडे दुधाच्या शिंकाळ्याखाली मांजराला पकडायला लावतात तसा. बंबातली राख चाळून संध्याकाळी कुंड्यांभोवती पातळ पसरून ठेवली. सकाळी उजाडताच येऊन बघतो तर राखेत पावलं. अनवाणी, रुंद, बोटं पसरलेली. वाळूत चालून चालून होतात तशी. चार कुंड्यांवरची गोणपाटं बाजूला आणि बाटल्या कलत्या. आणि चंद्रकांता पलीकडे नळाशी बादली भरत होती, काही झालंच नाही अशी.

"तू हात लावलास!"

"लावला," ती म्हणाली. "रोज लावतो. आल्याबरोबर जरा वारा देतो, जाताना परत झाकतो, तुझ्या जिवाला बरा वाटावा म्हनून. ह्या चारी बघ कशा हायेत. बाकीच्यांना मी पोचत नाय, ताटीच्या मागं हायेत."

गुन्हेगार इतक्या सहज कबूल होतो हे बघून खंडेरावाचा संशय आणखीच पक्का झाला. एवढी निर्ढावलेली बाई! तो तडक भगवंताकडे गेला आणि कॉलनीच्या सुपरवायझर साहेबांच्या नावाने कागद लिहून घेतला. सदर बाई विश्वासाची नाही. साहेबांच्या कुंड्यांत खारं पाणी घालून रोपं मारते. मी स्वतः पाहिलं आहे. भगवंत लिहिता लिहिता थांबला.

"पाणी घालताना पाहिलंस तू?"

"मातीची चव घेतली म्या."

"ते वेगळं. इथे 'स्वतः पाहिलं' असं लिहायचं का?"

खंडेरावाने कागदाची कड नखाने चाचपली. मग म्हणाला, "लिव्हा." आणि खाली वळणदार सही केली. चौथीपर्यंत शिकलेला होता.

दोन दिवसांत चंद्रकांताचा कॉलनीत यायचा पास गेला. फाटकावर खंडेरावाच्याच गावचा झुंबर पहारेकरी होता. त्याने कागदातला मजकूर सांगून तिला अडवलं. सहा नंबरचं काम तर गेलंच, पण कॉलनीतली सगळी गिऱ्हाइकं गेली. आता टोपली घेऊन तिला बोईसरच्या बाजारापर्यंत पायपीट करावी लागणार होती. फाटकाशी ती ओरडली नाही, हे झुंबरने खंडेरावाला नवलाने सांगितलं. एवढंच म्हणाली, "त्या माळ्याला सांग, आता आळ घ्याला कोनी ऱ्हायला नाय."

त्या बोलण्याचा अर्थ खंडेरावाला नवं वर्ष लागल्यावर कळला.

तोवर पाच रोपं गेली होती. तिची ती चार सुटी त्याने पुन्हा ताटीमागे लावली, गोणपाटं दुहेरी केली आणि निर्धास्त झाला. नाताळाच्या सुमाराला एका दिवसात दोन गेली. मग एक. मग एकदम तीन, आणि त्यांत चंद्रकांताच्या चारांपैकी दोन होती. राख रोज पसरलेली, राखेवर पाऊल सोडा, साधं मांजराचं नखही नाही. फाटक बंद, बाई बोईसरला, आणि रोपं मरतच होती. खंडेरावाने शेजारच्या बंगल्यातल्या माळ्यावर संशय घेऊन पाहिला. तो आठ दिवस रजेवर होता. स्वयंपाक्यावर घेतला, त्याला व्हरांडा कुठे आहे हेही नीट माहीत नव्हतं. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बारावं रोप आडवं झालं तेव्हा संशय घ्यायला माणूसच उरला नाही.

उरल्या दोन कुंड्या. खंडेराव त्यांच्यासमोर उकिडवा बसला. दुपारचं ऊन अंगाला चटका देत होतं आणि गोणपाटाखाली हात घातला तर आत बाष्प, बाळंतिणीच्या खोलीत असतं तसं कोंदट. त्याने बाटली काढली. इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली आणि पहिल्यांदाच वाकून हुंगलं. वास होता. पावसात भिजून राहिलेल्या कडब्याचा असतो तसा. त्या वासाबरोबर सगळं त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला लाजेने घाम फुटला. थंडी नव्हतीच. थंडी पाथर्डीला होती, मॅडमच्या मुलखात होती, कागदात होती. इथे नव्हती.

त्याने गोणपाटं फेकली. पण या दोनांतलं कुठलं वाचेल, काय करावं, हे त्याला कळेना. कळणारं नाक एकच होतं.

दोन्ही कुंड्या टोपलीत घालून तो फाटकावर आला. झुंबरने वही पुढे ओढली. "काय चाललंय भाईर? लिवाया लागंल बाबा. कायदा हाय."

"लिव की," खंडेराव चिडून म्हणाला. "कुंड्या दोन. लिव."

घिवलीला किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील लोंबत होते, ओळीच्या ओळी. बायका ते उलटत होत्या. खंडेरावाला बघून चंद्रकांताने हातातलं काम सोडलं नाही. बाकीच्या बायकांनी मात्र सोडलं. हा तोच, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

"काय?" ती म्हणाली.

"दोन ऱ्हायल्यात."

"मंग? मीठ घालू?"

बायका खदखदून हसल्या. खंडेराव मान खाली घालून उभा राहिला. काय बोलावं ते येताना त्याने घोकलं होतं, पण इतक्या बायकांसमोर त्याने नुसती टोपली पुढे केली. शेवटी तीच पुढे आली. टोपलीतून कुंडी उचलून हुंगली, रोप नखाने चाचपलं. "बूड गेला. शेंडा अजून कवळा हाय, वरचा. ह्याचेपन तसाच." मग ती सरळ उभी राहिली. "बघ, मी करीन. पन फुकट नाय. झाडं जगली तर तो कागद तू मागं घेशील. खोटा होता म्हनून सांगशील. इथं बोल, ह्या बायांच्या समोर."

"घीन," खंडेराव म्हणाला.

"मोट्यानं."

"कागद मागं घीन! खोटा होता म्हनून सांगीन!"

तिने कोयती नाही, मासळी साफ करायची पातळ सुरी आणली, धुऊन पुसून घेतली. काळं संपून हिरवं लागेपर्यंत खंडेरावाने शेंडे कापले. ते काम त्याचं. शेंड्यांचे तुकडे करून पाच फांद्या निघाल्या. वाळू समुद्राची नको, खारी. शेजारी घर बांधायला मासवणहून नदीची वाळू आणलेली होती, ती मागून घेतली. घराच्या मागच्या अंगाला, जिथे वारा खेळतो पण खारा फवारा पोचत नाही, तिथे कुंड्या ठेवल्या. बाटली नाही, गोणपाट नाही. दुपारी सावलीला माडाचं एक झाप आडवं. पाणी गावातल्या गोड्या विहिरीचं.

"आता जा," ती म्हणाली. "मूळ धरेस्तोवर हलवाचा नाय."

"पावती…" खंडेरावाच्या तोंडून निघून गेलं. तिच्या नजरेकडे बघितल्यावर त्याने ते वाक्य गिळलं.

पुढचे दिवस त्याला चैन नव्हतं. आपलं कायम होणं एका परक्या बाईच्या परसात, तेही जिला आपणच बाहेर काढलं तिच्या! तिने रागाने उपटून समुद्रात टाकली तर? विकली तर? दर रविवारी तो घिवलीला जाऊन कुंपणावरून बघायचा. रोपं उभी होती. जानेवारी संपता संपता नवी पानं आली, मग आणखी. पाचांपैकी चार लागली. प्रत्येक वेळी चंद्रकांता विचारायची, "कागदाचा काय झाला?" आणि प्रत्येक वेळी हा म्हणायचा, "साहेब रजेवर हायती." साहेब कुठल्या रजेवर नव्हते. खंडेरावाने मनाशी ठरवलं होतं: आधी कायमचा हुकूम हातात पडू दे, मग कागद मागे घेऊ. आधीच खोटा ठरलो तर कोण कायम करील? एकीकडे त्याला वाटायचं की ती फसवील, आणि दुसरीकडे फसवत होता तोच. हे त्यालाही दिसत होतं. पण मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला की ते दिसेनासं व्हायचं.

मॅडम आठ दिवस आधीच आल्या. आई गेली होती. खंडेराव मागच्या वाफ्यात असताना त्याला बोलावणं आलं. व्हरांड्यात मॅडम, कॉलनीचे सुपरवायझर आणि भगवंत उभे होते, आणि कोपऱ्यात बारा रिकाम्या कुंड्या. मॅडमचे डोळे लाल होते.

"दोन कुंड्या कुठे आहेत?" सुपरवायझरनी विचारलं. झुंबरची वही त्यांच्या हातात होती. "नऊ जानेवारी. खंडेराव माळी, कुंड्या दोन, बाहेर. कुणाला विकल्यास?"

"इकल्या न्हाईत साहेब. जगवाया दिल्यात. घिवलीला. चार रोपं झाल्यात त्यांची."

"कुणाकडे?"

"चंद्रकांताकडं."

सुपरवायझरनी भगवंताकडे बघितलं. भगवंताने फायलीतून कागद काढून दिला. सुपरवायझर तो सावकाश वाचू लागले. "सदर बाई विश्वासाची नाही. रोपं मारते. मी स्वतः पाहिलं आहे. सही, खंडेराव." त्यांनी मान वर केली. "जी बाई रोपं मारते तिच्याकडे तू रोपं जगवायला दिलीस? मला वेडा समजतोस? का वाटणी होती दोघांची?"

कागद फिरत नाही म्हणणारा तो, आणि समोर त्याचाच कागद उभा. बाईला चोर ठेवावं तर आपण चोराचे भागीदार. बाईला साव म्हणावं तर आपण लबाड. त्याला तिसरी वाट सुचली: तिने फसवून नेल्या म्हणावं. तिला बोलायला इथे फाटकातून आत तरी कोण सोडणार होतं? वाक्य ओठांपर्यंत आलं. झुंबरची वहीसुद्धा त्याने मनात निकालात काढली: त्याने चुकून माझं नाव लिहिलं म्हणायचं.

मॅडम काहीतरी बोलल्या. भगवंत म्हणाला, "बाई विचारतात, खरंच चार जगलीत का? त्यांना बाकी काही नको आहे. तेवढं खरं सांग."

खंडेरावाने मॅडमकडे पाहिलं. दोन महिन्यांत त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. म्हणजे तो जे सांगेल ते खरं धरायची तयारी ठेवून.

"चार जगल्यात," तो म्हणाला. "चंद्रकांतानं जगवल्या. मेल्या त्या म्या मारल्या, झाकून झाकून. त्यो कागद खोटा हाय साहेब. म्या कायबी पाह्यलं न्हवतं."

"हे लिहून देशील?"

"देतो."

भगवंताने लिहिलं आणि खंडेरावाने सही केली. या वेळी सही वळणदार आली नाही.

त्याच संध्याकाळी मॅडम जीपमधून घिवलीला गेल्या. चार रोपांतल्या एकाला कळ्यांचा दांडा आला होता. मॅडम त्याच्याजवळ वाळूत बसल्या आणि रडल्या, आणि चंद्रकांताने, भाषेचा एक शब्द कळत नसताना, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी तिचा पास परत मिळाला. मॅडमनी शब्द पाळला, खंडेरावाबद्दलही बोलल्या. पण सुपरवायझरनी फाईल पुढे केली. खोटी तक्रार देणाऱ्याला कायम करता येत नाही; यंदा तर नाहीच, पुढचं पुढे बघू. रोजंदारीवर राहायचं असेल तर राहा.

सकाळी चंद्रकांता टोपली घेऊन सहा नंबरला आली. खंडेराव वाफ्यात बसला होता.

"तुझी जागा गेली म्हनतात," ती म्हणाली. ती ओरडली नाही, हसलीही नाही.

"व्हय."

"आधीच मागं घेतला असता तर?"

"तर गेली नसती," तो म्हणाला. ते त्याला आदल्या दिवशीच कळून चुकलं होतं. महिनाभर आधी आपण होऊन जाऊन सांगितलं असतं, तर झाडं जगवणारा माळी म्हणून चूक पोटात घातली गेली असती. बायांसमोर मोठ्याने कबूल करायला लावून तिनेच त्याला तो रस्ता दाखवला होता, आणि तो त्याने स्वतःच बुजवला होता.

दुपारी त्याने पोस्टकार्ड काढलं. इंदुबाईला अक्षरं लावता येत होती. कार्ड ती स्वतःच वाचणार होती. त्याने लिहिलं, यंदा खोली मिळत नाही. मग हात थांबला. इथली माणसं बरी नाहीत, असं लिहायचं फार सोपं होतं. इंदुबाईने विश्वास ठेवला असता. तिने त्याचं सगळं आजवर खरंच मानलं होतं. त्याने पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं: एका बाईवर मी नाहक आळ घेतला, तिने माझं भलंच केलं होतं, म्हणून तुमचं येणं लांबलं. दोष माझा आहे. पोरीला सांग.